आखाड्याकडे पाठ

शांतवन मास्तरांचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला जरा डोळे मिटावे लागतात. पाठ मात्र उघड्या डोळ्यांनी दिसते. खाकी शर्ट, मानेवर उन्हाने भाजलेला पट्टा आणि दोन खांद्यांच्या मधोमध घामाचा डाग. दुपार चढेल तसा हा डाग मुळा धरणाच्या पाण्यासारखा हळूहळू पसरत जायचा. पाठ एवढी रुंद की हायस्कुलातला फळा फुटला तेव्हा हेडमास्तरांनी मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्यांच्या पाठीवर अख्खा आशिया खंड काढला, असं मी लोकांना सांगतो. लोक हसतात. पण खोटं आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मला पाठच दिसायची, याला कारण माझा धंदा. मी लाऊडस्पीकरवाला. दोन कर्णे, एक बॅटरी आणि एक माईक एवढ्यावर मी लग्नं, निवडणुका आणि जत्रा वाजवल्या. वारा बरोबर असला तर आमच्या गावात मी बोललेलं ऐकून संगमनेरात म्हशी कान हलवायच्या. गाव बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेच्या पाण्यावर उसाला सोकावलेलं. नाव सांगत नाही, कारण तिथे माझी सासुरवाडी आहे आणि मला अजून जेवायला जायचं असतं.

गावच्या भैरोबाची जत्रा चैत्रात, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी दुपारी कुस्त्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तमाशा. दोन्ही देवळामागच्या खोलगट जागेत. आत जायची वाट एकच, देवळाची भिंत आणि जुनी चिंच यांच्या मधली. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला परत जावं लागेल एवढीच. तिला आम्ही खिंड म्हणायचो. जत्रेच्या दिवशी आत एवढी दाटी व्हायची की एखाद्याच्या नाकावर माशी बसली तर शेजाऱ्याने हाकलायची, कारण स्वतःचा हात सापडायचा नाही.

मी माईक घेऊन आखाड्याच्या कडेला माच्यावर बसायचो. मास्तर माझ्या पुढ्यात, आखाड्याकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून उभे. हायस्कुलात ते ड्रिल शिकवायचे, गावातल्या चर्चमध्ये रविवारी पेटी वाजवायचे आणि चैत्रातले दोन दिवस भैरोबाची गर्दी सांभाळायचे. नव्या आलेल्या पाद्रीबाबांना हे जरा खटकलं. त्यांनी मास्तरांना हटकलं, "शांतवन, भैरोबाच्या जत्रेत तुमचं काय काम?"

मास्तर म्हणाले, "पाद्रीबाबा, आपली माणसंबी जातात तिथं कुस्ती बघायला. त्यांना चेंगरू देऊ का? आन् गेल्या साली तिसऱ्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसल्याले तुमीच हुता न्हवं?"

पुढल्या वर्षी पाद्रीबाबा पहिल्या रांगेत बसले. टोपी न ओढता.

हे काम मास्तरांकडे आलं कसं ते सांगतो. एका साली कुस्ती रंगात आली, मागच्यांनी रेटा दिला आणि खिंडीत माणसांचा गठ्ठा झाला. सोनाराच्या म्हातारीचा हात मोडला, दोघे-तिघे पायाखाली आले. जीव गेला नाही तो भैरोबाच्या कृपेने. स्वयंसेवक होते की. छातीला रेशमी बिल्ले लावलेले पुष्कळ होते. पण कुस्ती लागली तसे बिल्ले खिशात गेले आणि स्वयंसेवक प्रेक्षकांत. बंदोबस्ताला आलेले दोन पोलीस तर सगळ्यांत पुढे बसून हलगीवर ताल धरत होते. दुसऱ्या दिवशी पंचांनी मास्तरांना बोलावलं. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी पोरं रांगेत उभी करता, मानसंबी करा."

मास्तर म्हणाले, "करतो. पर मानसं मी निवडनार. आन् बिल्ला आधी द्यायचा न्हाई. कुस्त्या पार पडल्यावर द्यायचा."

एवढ्या एका अटीने निम्मे उमेदवार गळाले. ज्यांना बिल्ला लावून बायकांच्या रांगेपुढून हिंडायचं होतं, त्यांना अचानक शेतात कामं निघाली.

उरलेल्यांची परीक्षा तालमीत. मास्तर एकेकाला बोलावून समोर बसवायचे आणि घरची, पिकाची, गुरांची चौकशी सुरू करायचे. पाठीमागे, आधी ठरवल्याप्रमाणे, दोन पोरं लंगोट लावून मातीत उतरायची आणि एकमेकांना भिडायची. शड्डू ठोकल्याचा आवाज आला की समोरच्या उमेदवाराची मान फिरलीच. शिंप्याची फिरली. तलाठ्याच्या भावाची फिरली. परीक्षा बघायला आलेल्या पाटलांची तर एवढी फिरली की ती सरळ करायला राहुरीहून हाडवैद्य आणावा लागला. पंचक्रोशीत कुस्तीकडे पाठ करून बसणारा माणूस मिळेना.

दोघे तेवढे निघाले, ज्यांची मान हलली नाही. आम्हाला वाटलं, चला, सुरुवात झाली. मास्तरांनी दोघांनाही घरी पाठवलं. एक ठार बहिरा होता. दुसरा म्हणाला, "मला कुस्तीत गोडीच न्हाई." मास्तर मला म्हणाले, "बबनराव, ज्याला गोडी न्हाई त्याला लोक कंदी उठनार ते कसं कळावं? ह्यो माझ्या कामाचा न्हाई."

"मग मास्तर, मान फिरली तरी चालत नाही, नाही फिरली तरी चालत नाही. माणूस आणायचा कुठून?"

त्यांनी खिशातून लवंग काढून दाढेखाली धरली. विचार करायचा असला की त्यांना लवंग लागायची. म्हणाले, "मान फिरू द्या. फिरल्याली मान जो आपल्या आपन माघारी आनतो, त्यो माझा मानूस."

असे निघाले. पुष्कळ नाही, पण निघाले. त्यांत पहिला नामदेव भोई, नदीवर मासे धरणारा, काळा आणि उंच, बोलायला महाकंजूस. त्याची मान शड्डूबरोबर फिरली, पोरांची पकड बघितली आणि परत मास्तरांकडे आली. "काय म्हनत हुता मास्तर, म्हशीचं?" एवढंच म्हणाला. मास्तरांनी त्याला खिंड दिली.

गर्दी थोपवायची मास्तरांची रीत साधी होती. शिट्टी नाही, काठी नाही, ओरडणं नाही. रेटा देणारा माणूस दिसला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचं, "पाव्हनं, गाव कंचं?" माणूस कितीही चेकाळलेला असो, गाव विचारलं की थांबतो. मग पुढचा प्रश्न, "पाऊसपानी काय म्हनतोय तिकडं?" आता तो सांगायला लागतो. सांगणारा माणूस रेटत नाही. मास्तर म्हणायचे, "गर्दीला नाव नसतं म्हनून ती अंगावर येते. एकेकाला नाव-गाव द्या, मग ती गर्दी न्हाई, पाव्हने हायेत." एकदा खिंडीत नामदेवाने अशी चौकशी करता करता दोन सोयरिकी जुळवल्या. तिसरी मोडली, पण ती मुलीच्या मामामुळे.

खरी गोम माणसं मिळवण्यात नव्हती, टिकवण्यात होती. पहिल्या वर्षी आखाड्याकडे पाठ करून उभं राहणं एक वेळ जमतं. दुसऱ्या वर्षी माणूस म्हणतो, अख्ख्या गावाने कुस्ती बघितली आणि मी लोकांच्या मिशा बघत उभा. घरी गेल्यावर बायको विचारते, "कोन पडलं?" आणि याला सांगता येत नाही. कानावर पडायचं ते माझं माईकवरचं वर्णन, आणि माझ्या वर्णनात पैलवान आधी चिंचेच्या शेंड्यावर जायचा आणि मग खाली यायचा.

यावर मास्तरांनी तोड काढली. जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. मी जग पाहिलंय, मनमाडपर्यंत.

कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं चढायच्या आत, शेवटच्या जोडीतले दोन्ही पैलवान परत आखाड्यात उतरायचे. प्रेक्षक फक्त स्वयंसेवक. पहिल्या रांगेत, थेट मातीच्या कडेला, मांडी घालून. पैलवान कालची कुस्ती पहिल्यापासून पुन्हा खेळून दाखवायचे. डावाला डाव, पण सावकाश. मध्येच कुणी म्हणायचं, "थांबा थांबा, ह्यो हात कुठून आला?" की दोघे तसेच गुंतलेले थांबायचे आणि हात कुठून आला ते दाखवायचे. असं बघायला पाटलांनासुद्धा मिळायचं नाही. ते चिंचेमागून बघायचे, आणि नामदेव त्यांना विचारायचा, "पाव्हनं, गाव कंचं?"

मीही तिथे असायचो. तमाशासाठी कर्णे फिरवून लावायचं निमित्त. तेव्हा नामदेव माझ्याकडे बघून म्हणायचा, "स्पीकर, काल तुमी ह्याला चिंचंवर चढवला व्हता. ह्यो तर गुडघ्याच्या वर गेलाच न्हाई."

"काल वारा होता," मी सांगायचो.

पैलवान यायचे ते मास्तरांच्या बायकोच्या, रूथबाईंच्या जेवणासाठी. त्यांच्या हातच्या मटणासाठी पैलवान हरायलाही तयार असत, म्हणजे मला तरी तसं वाटायचं. सकाळची कुस्ती संपली की मास्तर एकेकाला बिल्ला द्यायचे. हे लोक तो बिल्ला वर्षभर लावायचे. बाजाराला लावायचे, सासरी जाताना लावायचे. एक जण तर स्वतःच्या लग्नात बिल्ला लावून बोहल्यावर उभा राहिला आणि सवयीने अंतरपाटाकडे पाठ करून वऱ्हाडाकडे बघत बसला. मंगलाष्टकं संपली तरी फिरेना. शेवटी नवरीनेच वळसा घालून त्याला माळ घातली. हे मी माईकवर होतो म्हणून सांगतो.

दुष्काळ पडायच्या आदल्या सालची गोष्ट. त्या वर्षी शेवटची जोड म्हणजे संगमनेरकडचा यशवंत आणि राहुरीकडचा किसन. किसन आमच्या भागाचा लाडका. बेलापूरपासून लोक बैलगाड्या जोडून आले. चिंचेवर एवढी माणसं चढली की चिंचा धरायला जागा उरली नाही.

हलगी वाजली. सलामी झाली. मी माईक तोंडाजवळ नेला, घसा साफ केला, आणि कुस्ती संपली. यशवंत पायाकडे वाकला, किसन मागे रेलला, पुढे काय झालं कुणाच्या डोळ्यांना सापडलंच नाही. किसन उताणा पडला होता.

हलगी मध्येच थांबली. मग मागचे उठले. पुढच्यांनाही दिसलं नव्हतं, मागच्यांना तर काहीच. जो तो पुढे यायला लागला. बाहेर राहिलेले खिंडीतून आत घुसायला बघू लागले. मी माच्यावरून ते सगळं हलताना पाहिलं आणि माझ्यासारख्या माणसाची वाचा बसली, यावरून काय ते समजा. मास्तरांची पाठ तसूभर हलली नाही. त्यांचे दोन्ही हात मात्र वर गेले, संथपणे, चर्चमध्ये लोकांना बसा म्हणतात तसे. आणि चारी बाजूंनी त्यांच्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. गाव कंचं पाव्हनं. कुनाचे तुमी. ऊस किती लावलाय औंदा. खिंडीत नामदेवाने हात पसरून भिंत आणि चिंच एक केली होती, आणि पुढच्याच माणसाला मासे कोणत्या जाळ्यात जास्त लागतात ते सांगत होता. एवढा नामदेव आयुष्यात बोलला नसेल. हळूहळू लोक बसले. कुणाला साधं खरचटलं नाही.

संध्याकाळ होईतो गावभर एकच बोलणं. कुस्ती विकलेली. असा पैलवान असा पडतोय व्हय? किसन तालमीत तोंड भिंतीकडे करून बसला. यशवंत सकाळी यायला तयार होता. किसन म्हणाला, "एकदा पडलो ते लई झालं. परत पडायला मी काय जोंधळ्याचं ताट हाय?" आणि वळकटी बांधायला लागला.

इकडे नामदेव मास्तरांच्या ओट्यावर आला. चप्पल न काढता उभा राहिला. "मास्तर, वर्षाची कुस्ती हुती. आमी लोकांची तोंडं बगितली. तुमी बोलला हुता, सकाळी दावीन. न्हाई दावली तर सांजच्याला तमाशाला आमी फडात बसून बगनार. माझा एकट्याचा बोल न्हाई ह्यो, समद्यांचा हाय."

तमाशाची गर्दी कुस्तीच्या दुप्पट, आणि बायकापोरांसकट. आता खिंडीत नामदेव नसेल तर काय, हे मास्तरांना वेगळं सांगायला नको होतं. सोनाराची म्हातारी समोरच राहायची, वाकडा हात पदराखाली घेऊन. ते एवढंच म्हणाले, "तुजं बरूबर हाय, नामदेवा. सकाळी ये."

मग लवंग. मग तालीम. मी बरोबर गेलो. खोटं कशाला, मला मटण होईल की नाही याचीही काळजी होती.

किसन वळकटीवर बसला होता. मास्तर त्याच्यासमोर मातीत बसले.

"मास्तर, मला समजावू नका," किसन म्हणाला.

"न्हाई समजावत. इचारतो. लोक काय म्हनतात ऐकलंस?"

"ऐकलं. इकलेला म्हनत्यात."

"किती लोकांनी बगितली कुस्ती?"

"समद्यांनी."

"आन् समद्यांचं मत झालं. आता त्यांच्यापुढं शपथ घेतलीस तरी त्यांचं मत हलनार न्हाई." मास्तरांनी लवंग या दाढेची त्या दाढेला नेली. "माझी मानसं मात्र पाठ करून हुती. साऱ्या जत्रंत तेवढ्यांनीच तुला पडताना बगितलं न्हाई. त्यांचं मत अजून व्हायचं हाय. जायचं तर जा बाबा. पर ज्यांना दावून काय उपेग हाय, अशी तेवढीच मानसं हायेत."

किसनने वळकटीची गाठ चाचपली. मग म्हणाला, "रूथबाईंनी भाकरी कशाच्या केल्यात?"

"बाजरीच्या."

वळकटी सुटली.

सकाळी आखाड्यात कालच्या शेंगांची टरफलं आणि तुटक्या चपला पडलेल्या. ऊन अजून देवळाच्या कळसावरच. स्वयंसेवक कडेला बसले. दोघे उतरले. सलामी. यशवंत पायाकडे वाकला, सावकाश, पाण्यात चालावं तसा. किसनने भार डाव्या टाचेवर मागे टाकला. तेवढ्यात यशवंतचा हात पायावरून सुटून काखेत गेला, पाय किसनच्या पायामागे गेला, आणि किसन त्याच्या कमरेवरून सावकाश वळून खाली आला. पाठीला माती लागली.

 नामदेव पुढे सरकला. "परत एकदा. त्यो टाचंचा भाग."

किसनने टाचेचा भाग दाखवला. पडला. दुसऱ्या एकाला पाहिजे होता काखेतला हात. तो दाखवला. पडला. चौथ्यांदा यशवंत वाकला तसा किसन स्वतःच मध्ये थांबला, आपल्या टाचेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हितं चुकलं माझं. ह्यो माजा पाय धरनारच नव्हता, सोंग हुतं त्याचं. आन् मी भार मागं टाकला."

"व्हय," नामदेव म्हणाला. "इकल्याली न्हाई. फसल्याली हाय." आणि उठून कमरेचा टॉवेल काढून त्याने किसनच्या पाठीची माती झटकली.

मी मात्र बघत राहिलो ते दुसरंच. मास्तर त्या वेळीही आखाड्याकडे पाठ करून उभे होते. समोर गर्दी नव्हती, रेटा नव्हता, पहिल्या रांगेमागे खिंडीपर्यंत सगळी जागा मोकळी. ते आपल्या माणसांच्या तोंडांकडे बघत होते. किसन म्हणाला, "मास्तर, तुमी तरी बगा की एकदा."

"बगितली," मास्तर म्हणाले. "ह्यांच्या तोंडावर समदी दिसली."

त्या संध्याकाळी तमाशाच्या वेळी खिंडीत नामदेव होता, आणि त्याच्याशेजारी बिल्ला नसलेला एक नवा माणूस. राहुरीकडचा, कानाची पाळी चुरगळलेला. "पाव्हनं, गाव कंचं?" असं किसन विचारायचा, आणि लोक गाव विसरून त्याच्याकडे बघत राहायचे. पण थांबायचे. कुस्ती विकलेली होती हे बोलणं आठवड्याच्या बाजारापर्यंतही टिकलं नाही. स्वयंसेवकांनी घरोघरी टाचेची चूक करून दाखवली.

पुढे दुष्काळात एक जत्रा नुसत्या नारळावर झाली. त्या वर्षी पैलवान नाहीत, तमाशा नाही, तरी मास्तरांची माणसं आपापल्या जागी येऊन उभी राहिली. नामदेव खिंडीत, शेजारी किसन. नदी आटलेली, मासे नाहीत, पण हात पसरून भिंत आणि चिंच एक. मी विचारलं, "अरे, थोपवायचं कुणाला?" तर नामदेव म्हणाला, "सवय मोडू नये."

त्यानंतर मी संगमनेरात दुकान टाकलं. निघायच्या दिवशी मास्तर मला पोचवायला बेलापूरच्या एसटी स्टँडवर आले. बाजारचा दिवस. गाडी आली आणि अख्खा बाजार तिच्या दारावर पडला. मास्तरांनी मला कसंबसं आत ढकललं, माझे दोन्ही कर्णे टपावर चढवायला लावले. मी खिडकीतून निरोपाचं काहीतरी बोलणार, तर दारात एक म्हातारी बोचक्यासकट दाबली जात होती. मास्तर वळले. गाडीकडे पाठ, लोकांकडे तोंड. दोन्ही हात वर.

"पाव्हनं, गाव कंचं?"

"कोल्हार."

"औंदा पेरूला भाव काय घावला?"

पेरूवाला सांगू लागला. म्हातारी चढली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली. मी खिडकीतून मान काढून बघत राहिलो. तोच खाकी शर्ट, तोच घामाचा डाग. गाडी वळणावर आली तेव्हा ती मान फिरली. मास्तरांनी माझ्या खिडकीकडे बघितलं.

मग मान आपल्या आपण माघारी गेली, त्या माणसांकडे.